चालत गेलेलं दुखणं

१

मंजुळा गेली त्या दिवशी सकाळी त्या घरात साखर वाटली होती. ऐकायला विपरीत वाटेल, पण झालं तसंच. दोन दिवस सुनेचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि त्या सकाळी भिकुबाईने तिच्या कपाळाला हात लावला तर कपाळ गार. हात गार, पाय गार. सासूला वाटलं, ताप उतरला, सुटली पोर. तिने देवापुढे दिवा लावला आणि शेजारपाजारच्या पोरांच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवली. मंजुळा मात्र भिंतीकडे बघून काहीबाही बोलत होती. नवरा, झुलाल, जवळ बसला तर तिने त्याला ओळखलंसुद्धा नाही. दुपार व्हायच्या आत ती गेली.

गाव एरंडोलच्या अंगाचं. नाव सांगत नाही. गावाने पुढे जे केलं ते चांगलंच केलं, उगाच त्याला कशाला डाग लावायचा. साल शहाऐंशी, कापूस वेचणीचे दिवस. थोड्याच दिवसांपूर्वी गावच्या शाळेत कुटुंब नियोजनाचं शिबिर झालं होतं. आसपासच्या गावांतल्या पुष्कळ बायांनी ऑपरेशन करून घेतलं, त्यांत या गावच्या तिघी होत्या. मंजुळा त्यांतलीच. दोन पोरं पदरात, वय जेमतेम पंचविशीचं.

धडधाकट बाई आपल्या पायांनी शाळेत गेली आणि पंधरवड्याच्या आत तिची तिरडी बांधायची वेळ आली. गाव पेटायला आणखी काय लागतं? त्यात त्याच गल्लीतल्या रुक्माला थंडी वाजून ताप भरला आणि तिला बैलगाडीत घालून एरंडोलला, तिथून जळगावला न्यावं लागलं. मग लोकांनी नाव पक्कं केलं. लताबाई नर्स. हत्यारं उकळायचं काम तिचं, आणि दारोदार फिरून या बायांना शिबिरासाठी तयार केलं तेही तिनेच. भिकुबाईने भर चौकात तिला सांगितलं की माझी सून तू खाल्लीस. झुलाल पोलिसात जाऊन आला. तिसरीचा नंबर कधी लागतो, याचीच गाव वाट बघत होतं.

२

चौकशीला जळगावहून डॉक्टर आधार बिऱ्हाडे आले. आरोग्य खात्यातला माणूस, उंच, सावळा, बोलायला इतका सावकाश की समोरच्याला वाटावं, साहेबांना झोप येतेय. निघताना त्यांच्या वरिष्ठांनी हसत हसत बजावलं होतं की फार खोलात शिरू नका, येताना एक नाव घेऊन या. कुठलं नाव ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. नर्सबाईला निलंबित केलं की गाव थंड होणार, पेपरवाले गप्प होणार आणि सगळ्यांची झोप शाबूत राहणार. बिऱ्हाडेंना असल्या सोयीच्या नावांचा मनापासून राग होता.

ऑपरेशनं करणारे डॉक्टर गिरधर चौधरी त्यांना शाळेतच भेटले. हुशार माणूस, हात सफाईदार, पण आता घाबरून अर्धे झालेले. ते एकच पालुपद धरून बसले होते: माझ्या हातात जे दिलं त्याने मी टाके घातले, उकळलं की नाही ते मला काय ठाऊक. बिऱ्हाडेंनी त्यांना वाद न घालता एवढंच विचारलं की टेबलावर कुठल्या बाईनंतर कुठली आली होती. चौधरींना आठवत होतं. मंजुळा सुरुवातीलाच, रुक्मा जेवणानंतर, आणि मध्ये सगळ्या परगावच्या बाया.

"त्या मधल्या बाया कशा आहेत?"

त्या बायांची विचारपूस कोणी केलीच नव्हती. बिऱ्हाडे मात्र येताना जीप वाकडी करून त्या गावांतून आले होते. त्या बाया शेतात वाकून कापूस वेचत होत्या. एकीने तर त्यांना सुनावलं होतं की आता रिकामपणी विचारायला येता, तेव्हा इंजेक्शन देताना हात हलका ठेवला असता तर बरं झालं असतं.

तिथून बिऱ्हाडे उपकेंद्रात गेले. लताबाई दार लोटून आत बसली होती. सावद्याची बाई, नवरा नाही, नोकरी गेली तर भावाच्या दारात पडून राहायचं, दुसरं काही नाही. ती रडली नाही की हातापाया पडली नाही. स्टोव्ह कसा पेटवला, पाणी कधी खळखळलं, सगळं तिने नीट सांगितलं आणि मग एकदम थांबली.

"साहेब, मी उकळली होती हत्यारं. पण चार दिवस गाव एकच म्हणतंय, तर आता माझी मलाच खात्री वाटेना. माझ्याच हातून झालं असेल तर तसं सांगा. मी ऐकून घेईन."

बिऱ्हाडेंनी लगेच धीरबीर दिला नाही. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे. त्यांनी फक्त विचारलं की या बाया घरी जाताना काय सांगितलं होतंस. तिने सांगितलं: टाक्यांवरची पट्टी सोडायची नाही, भिजवायची नाही, पोटाला काही बांधायचं नाही, आणि ताप आला तर तडक मला बोलवायचं. मंजुळाकडून बोलावणं आलंच नाही. लताबाई आपणहून दोनदा दारात गेली, दोन्ही वेळा भिकुबाईने बाहेरूनच सांगितलं की सून झोपली आहे.

३

मग बोलावलं कोणाला? कौतिकला. हा गावातला सुईवाला. कधीकाळी एका डॉक्टरच्या हाताखाली बाटल्या भरत होता, तेवढ्यावर गावभर ताकदीची इंजेक्शनं देत फिरायचा. साहेब आले म्हटल्यावर स्वारी गायब झाली आणि कापसाच्या शेतात सापडली. बिऱ्हाडे बांधावर त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्याचकडची विडी मागून घेतली. धमकावण्यापेक्षा एवढंच पुरे झालं.

कौतिकची सुई एकच, आणि ती उकळण्याचा त्याला कंटाळा. गुन्हेगार इथेच सापडला म्हणून दुसरा कोणी जीप वळवून मोकळा झाला असता. पण कौतिक शपथेवर सांगत होता की तो गेला तेव्हा मंजुळा आधीच तापाने फणफणलेली होती, आणि रुक्माला तर त्याने हातही लावला नव्हता. रुक्मा सुईला भिते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. खात्री करून घेतली तर ते खरं निघालं.

उठता उठता बिऱ्हाडेंनी सहज विचारलं की मंजुळाला सुई कुठे दिलीस. दंडात, कौतिक म्हणाला. नेहमी तो कमरेत देतो, पण सासू मधे आली. कमरेला हात लावायचा नाही म्हणून तिने त्याला दरडावलं होतं. लाजेपोटी असेल, असं कौतिकला वाटलं. बिऱ्हाडेंनाही क्षणभर तसंच वाटलं, पण म्हाताऱ्या बाया वैद्यापुढे असल्या लाजा धरत नाहीत, हेही त्यांना माहीत होतं.

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी बोटांवर दिवस मोजले. त्यांना खटकत होतं ते निराळंच. मंजुळा गेली त्या दुपारी रुक्मा काय करत होती? विहिरीवरून पाणी आणून तिनेच मयताच्या घरी भरलं होतं. ऑपरेशन दोघींचं एकाच दिवशी झालं. चूक शाळेत झाली असती तर दोघी मागेपुढे एकदमच पडल्या असत्या. इथे पहिली पडली, तोवर दुसरी ठणठणीत. पहिली गेली, मग दुसरी पडली. दुखणं शाळेतून आलेलंच नव्हतं. ते एका घरातून दुसऱ्या घरात चालत गेलं होतं.

प्रश्न एवढाच होता की त्याला पाय कोणी दिले, आणि आता ते कुठे जाऊन बसलं आहे.

४

जळगावच्या इस्पितळात रुक्मा अंगात सुया-नळ्या घेऊन पडली होती. श्वास भराभर चाललेला, नाडी बोटाखाली पळतेय, लघवी कालपासून नावापुरती. मध्येच डोळे उघडायची, आईला हाक मारायची, पुन्हा मिटायची. तिथले डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी दुखणं ओळखलं होतं. जखमेतला जंतू रक्तात उतरला होता. लोक ज्याला सेप्टिक म्हणतात तेच, पण आता ते एका जागेपुरतं राहिलं नव्हतं.

बिऱ्हाडेंनी हे पूर्वीही पाहिलं होतं. घरात चोर शिरावा आणि घाबरलेल्या घरच्यांनी अंधारात काठ्या चालवून एकमेकांचीच डोकी फोडावीत, तसं हे दुखणं. जंतू थोडं मोडतात, उरलेलं शरीर स्वतःच मोडतं. आधी ताप, मग धाप, मग लघवी आटते, मग माणूस बरळतो, आणि शेवटी रक्ताचा जोरच जातो. हातपाय गार पडतात. त्या गारपणाला ताप उतरला म्हणायचं आणि साखर वाटायची. त्या म्हातारीचा काय दोष? मोठमोठे फसतात. पण तिथवर यायच्या आधी पुष्कळ दारं उघडी असतात, आणि प्रत्येक तास एकेक दार लावत जातो.

त्यांनी रुक्माच्या पोटावरची चादर बाजूला केली. टाके बेंबीखाली, बोटभर लांबीचे, सुजून फुटलेले. पण लाली टाक्यांपुरती नव्हती. वीतभर रुंदीचा लाल पट्टा सगळ्या पोटावरून कमरेला वळसा घालून पाठीकडे गेला होता. त्याच्या वरची आणि खालची कड सरळ, जाड विणीचे वण कातडीवर उठलेले, आणि डाव्या कुशीवर गाठ रुतल्याची खूण. तरुण डॉक्टरांनी ते पुरळ समजून सोडून दिलं होतं.

बरोबर आलेल्या रुक्माच्या नवऱ्याला विचारलं, तर त्याने शपथ घेतली की पोटाला काही बांधलेलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. बायांच्या पोटाला काय बांधलं आहे, हे पुरुषांना कोण सांगतं?

तेवढ्यात रुक्मा अर्धवट शुद्धीत पुटपुटली, "सोड व माय, आवळस." बोलताना तिचा हात कमरेशी गाठ शोधत होता. तिथे आता काहीच नव्हतं. म्हणजे गाडीत घालण्याआधी ते कोणीतरी सोडून घेतलं होतं.

बिऱ्हाडेंना एवढ्या घाईने बाहेर पडताना त्यांच्या ड्रायव्हरने कधी पाहिलं नव्हतं.

५

उपकेंद्रावर येताच त्यांनी लताबाईला जीपमध्ये घेतलं. गल्लीत ऑपरेशन झालेली तिसरी होती सुंदरबाई. तिचं काय, ती तर कालच अंगण सारवत होती, असं लताबाईने सांगितलं. बिऱ्हाडे म्हणाले की रुक्माही पाणीच भरत होती.

सुंदरबाई ओसरीत कापसातली पत्ती वेचत बसली होती. साहेबांना पाहून पदर सारखा करून हसली. काही होत नाही म्हणाली. बिऱ्हाडेंनी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. पाऊस कसा झाला, बोंडं कशी आहेत. ती उत्तरं देत होती, पण एका वाक्यात दोनदा श्वास घेत होती. बसल्या जागी बाईला धाप का लागावी? त्यांनी लताबाईला डोळ्याने खुणावलं आणि दोघी आत गेल्या.

बराच वेळ आतून कुजबूज ऐकू आली. मग लताबाई बाहेर आली ती हातात कापडाची एक गुंडाळी घेऊन. जाड विणीचा, वीतभर रुंद, लांबच लांब पट्टा. हळदीने, तेलाने, घामाने पिवळाकाळा पडलेला आणि आंबूस वास मारणारा. लताबाईचा चेहरा पांढराफटक झाला होता.

मग सुंदरबाईने सगळं सांगितलं. पट्टा भिकुबाईचा. भिकुबाईची सात बाळंतपणं या पट्ट्यात झाली आणि सातही लेकरं जगली, म्हणून गल्लीतली प्रत्येक बाळंतीण तो मागून न्यायची. ऑपरेशनही पोटाचंच, म्हणून या वेळी तिघींनी पाळी लावली. पहिला मान घरच्या सुनेचा. मंजुळाचा ताप चढला तेव्हा पट्ट्याने तिला उकडतंय म्हणून तो सोडला आणि रुक्माला बांधला. रुक्माला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टर कापून टाकतील म्हणून सोडला आणि सुंदरबाईकडे आला. नर्सबाई ओरडेल म्हणून तिच्यापासून लपवला. अंग कढत लागलं तरी कोणी मनावर घेतलं नाही, पट्टा ऊब धरतोच असं भिकुबाईने सांगून ठेवलं होतं. आणि धुण्याचं म्हणाल तर तो कधीच धुवायचा नाही. धुतला की त्यातलं यश वाहून जातं.

सुंदरबाईच्या टाक्यांभोवती लाली नुकती पसरू लागली होती. लताबाईने तिथेच पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, नाडी मोजली, सलाइन लावून तिला जीपमध्ये आडवं केलं आणि घरच्या माणसांना सोबत घेऊन जीप जळगावच्या रस्त्याला लागली. लताबाई आणि बिऱ्हाडे मागे थांबले. ती वाचणार, हे बिऱ्हाडेंनी ओळखलं. मंजुळाचं दुखणं शेवटच्या दारापर्यंत कोणी पाहिलंच नाही, रुक्माचं मधल्या दाराशी सापडलं, आणि हिचं पहिल्याच उंबऱ्यावर. रुक्माचं मात्र अजून कोणी काही सांगू शकत नव्हतं.

एक गोष्ट तरीही उरत होती. सात बाळंतपणांत ज्या पट्ट्याने कोणाचं वाकडं केलं नाही, तो आत्ताच का बिघडला?

६

भिकुबाई चुलीपुढे बसली होती. बिऱ्हाडे तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी पट्ट्याचं नावही न काढता तिच्या पहूरला दिलेल्या लेकीची चौकशी केली. तिघींच्या आधी पट्टा त्या लेकीकडे गेला होता, एवढं सुंदरबाईने सांगितलं होतं. म्हातारीचा चेहरा उजळला. लेक नुकतीच बाळंत झाली होती, मरता मरता वाचली. अंगातून आगीसारखा ताप, अंगावरून घाण जायची, सगळ्यांनी आशा सोडलेली. तिथल्या डॉक्टरने दिवसरात्र इंजेक्शनं टोचली म्हणे.

"इंजेक्शननं काय व्हस? मी पट्टा बांधेल व्हता ना तिले."

तो पट्टा घेऊन ती शिबिराच्या आधीच गावी परतली होती. बिऱ्हाडेंनी डोळे मिटले. लेकीला वाचवलं इंजेक्शनांनी, यश मिळालं पट्ट्याला, आणि लेकीचे जंतू पट्ट्यात बसून सुनेच्या ताज्या टाक्यांवर येऊन चिकटले. इतक्या मायेने कोणी कोणाला मारलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

ते बाहेर आले आणि दाराशी थांबलेल्या लताबाईला सगळं सांगितलं. हे लोकांपुढे मांडलं तर ती सुटत होती. नाही मांडलं तर निलंबन ठरलेलं, आणि झुलाल तर खटल्याच्या तयारीत होता. लताबाई उंबऱ्याशी उभी होती. म्हणाली, म्हातारीला गावापुढे उभं करू नका. पोरगा तिला घरात ठेवायचा नाही. माझी बदली होईल फार तर.

"बदली नाही, बाई. नोकरी जाईल."

एवढ्यात मागून काठीचा आवाज आला. भिकुबाई दारात उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती खाली बसली. मग तिने एकच विचारलं: पट्टा धुतला असता तर सून जगली असती का?

बिऱ्हाडेंना खोटं बोलायची फार इच्छा झाली. देवाची मर्जी म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ही बाई उद्या आणखी कोणाला तरी पट्टा बांधणार होती. उकळून उन्हात वाळवला असता तर बहुधा जगली असती, असं त्यांनी सांगितलं. एवढंच नव्हे, नर्सला पहिल्या दिवशी आत येऊ दिलं असतं तरी जगली असती. आणि आमचंही चुकलं, बायांना आठ दिवस रोज जाऊन बघायला माणसं आम्ही दिली नाहीत. शेवटचं वाक्य त्यांनी तिचं ओझं हलकं करायला जोडलं होतं, पण ते खरंही होतं.

भिकुबाईने पदराने तोंड पुसलं. साहेबांनी सांगितलं की हे मी कागदावर नुसतं कारण म्हणून लिहीन, तुझं नाव चौकात यायची गरज नाही. ती मान हलवत राहिली.

"मी गप बसस, तं उद्या दुसरी कोनी आसाच पट्टा बांधी."

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. नर्सबाईचा निकाल ऐकायला सगळे आले होते, झुलाल पुढेच उभा होता. बिऱ्हाडे बोलायला उठणार तोच भिकुबाई उठली. लताबाईकडून मागून घेतलेला पट्टा तिने सगळ्यांसमोर धरला. आवाज लहान होता, पण कोणी खोकलंसुद्धा नाही.

"या बाईना काहीच दोष नही. दुखनं मन्हाच घरमातून निंघनं. मन्ही सूनले मी मन्हा हातनी बांधं." मग तिने लेकीच्या तापापासून सुंदरबाईपर्यंत सगळं सांगितलं, एकही घर गाळलं नाही. आणि शेवटी बायांकडे वळून म्हणाली की ज्यांच्या ज्यांच्या घरात असं यशाचं कापड बांधून ठेवलं असेल, त्यांनी आजच चुलीवर पाणी ठेवावं.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. दोघी-तिघी हळूच उठून घराकडे गेल्या. कौतिक सगळ्यात मागे मान खाली घालून उभा होता. लताबाई जागची हलली नव्हती. तिच्या डोळ्यांतून आता पहिल्यांदाच पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

झुलाल आईकडे बघत राहिला. त्याच्या जबड्याच्या शिरा तटतटलेल्या सगळ्यांना दिसत होत्या. आता हा काय करतो, या भीतीने बिऱ्हाडे अर्धे उठले. झुलाल पुढे झाला, आईच्या हातातला पट्टा त्याने काढून घेतला आणि लताबाईच्या हातात दिला. तिच्या डोळ्याला डोळा मात्र त्याला देता आला नाही. म्हातारी खाली मान घालून उभी होती, मारलं तर मार खायला तयार.

"माय," तो म्हणाला, "घर चाल. पोरे उपाशी शेतस."